जुने लाकडी फिल्म होल्डर दुरुस्त करताय? या चुका टाळा

माळ्यावरून जुना हाफ प्लेट (एकेका सुट्या मोठ्या फिल्मवर फोटो काढणारा) कॅमेरा निघाला की सोबत ती फिल्म भरायचे दोन-चार लाकडी होल्डर निघतातच, अन् मग त्यांना चकचकीत करायचा मोह होतो. थांबा थोडं. मला तर वाटते, असे होल्डर वापरून कमी अन् दुरुस्तीनं जास्त खराब झाले असतील.

डार्क स्लाइड, म्हणजे फिल्मवर उजेड पडू नये म्हणून होल्डरमध्ये सरकवायची पातळ झाकणी, अडकली की लोक पहिले सँडपेपर घेतात. नागपुरात ही चूक जास्तच महागात पडते, कारण इथं लाकूड फक्त पावसाळ्यात फुगते असं नाही, मे महिन्यात बाहेर सगळं ठणठणीत कोरडं असते पण घरात कूलर चालू असतो नं, त्या खोलीतला होल्डर भर उन्हाळ्यात ओल धरून बसतो. तुम्ही घासून जागा करता, स्लाइड मस्त सरकते, मग हिवाळ्यात लाकूड आकसते अन् तीच फट उजेड आत घेते. म्हणून आधी स्लाइड काढून होल्डर कूलर नसलेल्या खोलीत, सावलीत आठवडाभर तरी ठेवा. वाळवायला ४५ डिग्रीच्या उन्हात मात्र नको, जोड सुटतात. पावसाळ्यात तर हे काम काढूच नका. तरी अडकलीच तर स्लाइडच्या कडांवर साधी मेणबत्ती हलकी घासा अन् पुसून टाका. खोबरेल तेल, मशीन ऑइल, स्प्रे काहीच नको, धूळ चिकटते अन् ती फिल्मवर पडली की प्रिंटवर काळे ठिपके.

दुसरं म्हणजे उजेड नेमका कुठून आत शिरतो (लीक) हे न पाहताच सगळीकडे टेप मारणं. फिल्म कशाला वाया घालवता, प्रिंटिंग पेपरचा तुकडा भरा, स्लाइड बंद ठेवून होल्डर उन्हात चारही बाजूंनी फिरवा अन् पेपर डेव्हलप करा. मग दुसरा तुकडा भरून होल्डर कॅमेऱ्यात, लेन्सवर झाकण, स्लाइड बाहेर, पुन्हा ऊन. पहिल्यात बारीक गोल डाग आला तर स्लाइडलाच भोक आहे, कडेला पट्टा आला तर चीर किंवा बिजागरीचं कापड गेलंय. फक्त दुसऱ्यातच स्लाइडच्या खाचेकडून धुरकट पट्टा आला तर उजेड अडवायला खाचेत लावलेली आतली मखमल दबलीये, तेवढीच बदला, पण जाड फेल्ट भरू नका, स्लाइड परत अडकते.

बिजागरीच्या कापडाच्या जागी इन्सुलेशन टेपही नको, आपल्या उन्हाळ्यात त्याचा गोंद वितळून लिबलिबीत होते. वह्या बांधायचं काळं बाइंडिंग कापड चांगलं.

रंगाचं म्हणाल तर ऑइल पेंट नाहीच. चपडी (लाखेचे पातळ पापुद्रे) स्पिरिटमध्ये विरघळवून त्यात काजळी घाला, पातळ हात द्या, तेही फक्त बाहेरून. फिल्म बसते ती जागा अन् कॅमेऱ्याला टेकते ती कड कोरीच ठेवा, कारण उदाहरणार्थ ४ बाय ५ इंच फिल्मच्या होल्डरमध्ये कडेपासून फिल्म किती आत बसावी ते अमेरिकन मानकाप्रमाणे ०.१९७ इंच अन् त्यात कमी-जास्त चालते फक्त ०.००७ इंच, दोन जाड हातांत फोकस गेलाच समजा. अन् स्पिरिटचा वास पूर्ण जाईस्तोवर आत फिल्म भरू नका.