डाळिंब काढून पेरू लावताय? आधी जुन्या बागेची मुळं उपटून बघा

मृग लागला की रोपांच्या गाड्या सुरू होतात. सांगोला, पंढरपूर, इंदापूर ह्या पट्ट्यात बऱ्याच जणांच्या डाळिंबाच्या बागा मर (झाड वाळवणारा रोग), तेल्या (फळा-पानांवर तेलकट डाग पाडणारा रोग) नी पिन होल बोररने (खोडाला बारीक भोकं पाडणारा भुंगा) बसल्या, आणि आता त्याच खड्ड्यात तैवान पिंक पेरू लावायची घाई चाललीय. पेरू लावू नका असं म्हणत नाही मी, पण "पीक बदललं म्हणजे रोग गेला" हे जे गृहीत धरलंय ना ते अर्धंच खरं आहे.

डाळिंब नी पेरू लांबचे भाऊबंद आहेत. वनस्पतीशास्त्रात दोघं एकाच गणात बसतात, मिर्टेलीस म्हणतात त्याला, मोठा गोतावळा आहे, ९ कुळं नी साधारण १३ हजार जाती. पेरू, जांभूळ, लवंग, निलगिरी एका कुळात, डाळिंब, मेंदी, आपला ताम्हण आणि भंडारा-गोंदियाच्या तळ्यातला शिंगाडा दुसऱ्या कुळात, आणि ऐन, अर्जुन, हिरडा, बेहडा तिसऱ्यात. ताम्हण आणि शिंगाडा एका घरचे हे ऐकून हसू येतं पण खरंय. हे घराणं जुनं आहे, डायनासोरच्या काळातच त्याच्या फांद्या वेगळ्या झाल्या. छिंदवाड्याजवळ मोहगाव कलां इथे दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळात डाळिंबाच्या कुळातली मानली जाणारी फुलं नी फळं दगड होऊन सापडलीत.

आता ह्याचा शेताशी संबंध काय, तर नातं इतकं लांबचं असल्यामुळे दोन प्रकारचे शत्रू दोन प्रकारे वागतात. तेल्याचा जिवाणू डाळिंबावर पोसलेला, तो पेरूवर येत नाही, तेवढी सुटका नक्की. पण मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी (मातीतला डोळ्याला न दिसणारा बारीक कृमी) कुणाचंच नातं बघत नाही, तिला डाळिंब चालतं, पेरू चालतो, टोमॅटो-वांगी-भेंडीपण चालते. जुन्या बागेत ती आधीच असेल तर नव्या पेरूच्या कोवळ्या मुळात घुसायला तिला वेळ लागत नाही, आणि मुळाला जखम झाली की मर रोगाच्या बुरशीला वाट मोकळी.

म्हणून डाळिंबाची दोनचार खोडं उपटा नी बारीक मुळं पाण्यात धुवून बघा. मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर ह्या खरिपात पेरू लावूच नका. जुनी मुळं जमतील तेवढी वेचून बाहेर काढा, ह्या हंगामात ताग किंवा झेंडू घ्या, ताग फुलावर आला की गाडून टाका, पुढच्या उन्हाळ्यात खोल नांगरून रान तापू द्या नी मग पुढच्या मृगाला लागवड. एक वर्ष जातं हे मान्य, पण बाग उभी करून दोन वर्षांनी पिवळी पडलेली बघण्यापेक्षा बरं. गाठी नसतील तर खड्ड्यात निंबोळी पेंड, चांगलं कुजलेलं शेणखत, ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) टाकून लावा, पण मधे आंतरपीक म्हणून टोमॅटो-वांगी नको. आणि नर्सरीत रोप घेताना एखादी पिशवी फाडून मुळं बघायला लाजू नका, विकणारा नाही म्हणाला तर दुसरीकडे जा, कारण गाठी जास्त करून रोपातूनच शेतात येतात.

दुसरा शत्रू फळावरचा. ह्या गणातल्या बऱ्याच झाडांत फुलाचा तळ पेल्यासारखा असतो आणि फळ पिकेपर्यंत त्याची खूण टिकते, डाळिंबाचा मुकुट, पेरूच्या बुडाची सुकलेली निदलं (पाकळ्यांबाहेरची हिरवी पानं), शिंगाड्याची शिंगंसुद्धा त्यातलीच. झाडाच्या दृष्टीने छान रचना, पण पिठ्या ढेकूण ह्याच खळग्यात दडून बसतो, आणि फळ पोखरणाऱ्या अळीचं फुलपाखरू अंडी घालायला अशीच जागा शोधतं. ते डाळिंबावर जातं तसं पेरूवरपण जातं, म्हणजे शेजारी शेजारी दोन्ही बागा असतील तर पावसाळ्यात दोन्हीकडे लक्ष ठेवा. फवारणी करताना नोझल फळाच्या त्या टोकाकडे वळवा, नुसती पानं भिजवून उपयोग नाही. भोक पडलेली फळं बांधावर फेकू नका, खोल खड्ड्यात पुरा. पेरूला लिंबाएवढं फळ झालं की फोम नी पिशवी घाला, आणि फळमाशीसाठी एकरी चार-पाच मिथाईल युजेनॉलचे (नर माश्यांना ओढणारं गंधाचं औषध) सापळे.

ज्यांची जुनी पेरूची बाग आहे त्यांनी ताण तोडून (बंद ठेवलेलं पाणी परत सुरू करून) हलकी छाटणी करून मृग बहार (पावसाच्या सुरुवातीचा फुलोरा) धरायला हरकत नाही, पेरूला फूल नव्या फुटीवरच येतं. डाळिंबवाल्यांनो, तुमच्या भागात तेल्या असेल तर मृगाचा मोह सोडा, ओल्या हवेत तेल्या आवरत नाही, हस्त बहार (पावसाळा सरतानाचा फुलोरा) बघा.

बांधाचं पण बोलतो जरा. निलगिरी नको, तिच्या शेजारी कोरडवाहू पीक कसं राहतं ते बघितलंय सगळ्यांनी. ओढ्याकाठी अर्जुन लावा, मुळं माती धरतात. भंडारा-गडचिरोलीकडे ऐन-अर्जुनावर टसर रेशमाचे किडे पाळतात, तिकडच्यांना सांगायला नको. ओलसर जागेत जांभूळ उत्तम, बहाडोलीच्या जांभळाला तर जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, पण बी कधी वाळवू नका. डाळिंबाचं बी कोरड्या मुलखातलं, वाळवलेलं टिकतं, जांभळाचं मात्र पावसाच्या तोंडावर पडतं नी लगेच रुजायच्या तयारीत असतं, पंधरा दिवस ठेवलं की संपलं. फळ खाल्लं की धुवून त्याच दिवशी पिशवीत टोका. भरवशाचं फळ हवं असेल तर कलमच घ्या.

आणि परदेशातून कुणी नातेवाईक येत असेल तर हौसेने पेरूची किंवा निलगिरीची काडी बॅगेत आणायला सांगू नका. मिर्टल रस्ट नावाची तांबेऱ्याची बुरशी दक्षिण अमेरिकेत पेरूवर सापडली, २०१० ला ऑस्ट्रेलियात नी २०१७ ला न्यूझीलंडमध्ये पोचली, आणि तिथली जंगलातली काही झाडं पार संपायला आलीत. रोप हवं तर इथल्याच विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून घ्या.