ओहोटीला जाऊन गवत बघा, मग गरी टाका

वेंगुर्ल्याच्या बाजूला एक खाडी आहे. नाव विचारू नका. आपली जागा सांगणारा गरीवाला मी अजून पाहिलेला नाही. बावीस वर्षं तिथे गरवतोय, म्हणजे गरीने मासे धरतोय, आणि त्यातली पहिली बारा तरी पायाखालच्या समुद्रगवताला मी शेवाळ म्हणत होतो. गरीला अडकलं की शिवी घालून झटकायचं, एवढाच त्याच्याशी संबंध.

मुडदुशे मासे कमी मिळायला लागले तेव्हा चारचौघांसारखं मीही म्हटलं, जाळीवाल्यांनी खाडी धुऊन नेली. त्यात खरं किती, हे कळायला चिखलात वाकावं लागलं. कसं वाकायचं ते सांगतो.

अमावस्या-पौर्णिमेच्या नंतरचे एक-दोन दिवस धरा. उधाणाला पाणी जेवढं वर चढतं तेवढंच खाली उतरतं आणि खारफुटीपुढचा एरवी बुडालेला पट्टा उघडा पडतो. भांगाच्या, म्हणजे पाणी कमी चढण्या-उतरण्याच्या, दिवसांत गेलात तर हात हलवत परत याल. उधाणाची ओहोटी आमच्याकडे पहाटे नाहीतर संध्याकाळच्या सुमाराला येते. भरती-ओहोटीचा तक्ता बघून तासभर आधी पोचा. दिवाळीनंतर मेपर्यंत कधीही चालेल. पावसात गढूळ, गोड्या पाण्याने गवत विरळ होतं. तेव्हा बघून जाळ्यावर आळ घेतलात तर चूक तुमची.

आता गवत हातात घ्या, उपटू मात्र नका. आपल्या खाड्यांत बहुधा भेटतं ते हॅलोफिला बेकारी. तांदळाच्या दाण्याहून जरा लांब अशी बारीक पानं, एकेका देठाच्या टोकाला त्यांचा झुबका, आणि खाली चिखलात सरपटणारा दोऱ्यासारखा पांढरा कंद. याला खरी मुळं असतात, फुलं येतात, बिया धरतात. शेवाळाला यातलं काहीच नसतं. गोव्यातल्या दोनापावलच्या समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८१ साली मांडवी नदीच्या खाडीतल्या याच गवताबद्दल लिहून ठेवलंय. आम्ही तिथून हाकेच्या अंतरावर असून आम्हाला पत्ता नव्हता. मुळांनी चिखल धरून ठेवतं म्हणून तिथे किडे आणि बारीक सुंगटं (कोळंबी) टिकतात, ती खायला मासे कडेकडेने फिरतात, आणि छोटी पिल्लं त्यातच लपतात. गरीवाल्याला एवढं कळलं तरी पुरे.

मोजणीसाठी प्लंबरकडून अर्धा इंची पाइपाचे ५० सेंटिमीटरचे चार तुकडे आणि चार एल्बो आणा. चौकट जोडा, पाण्यावर तरंगू नये म्हणून पाइपाला भोकं पाडा. ५० मीटर दोरीला दर ५ मीटरवर गाठ मारा. पहिल्या टोकापासून धरून ११ जागा होतात. प्रत्येक जागी चौकट ठेवायची, सरळ वरून फोटो काढायचा आणि शंभरातला किती भाग गवताने झाकलाय ते लिहायचं. अशा तीन रेघा, एकमेकींपासून २५ मीटरवर. समुद्रगवत मोजणारे लोक देशोदेशी साधारण हीच पद्धत वापरतात. दोन गोष्टी सांभाळा. अंदाज दरवेळी एकाच माणसाने करायचा. आणि गाठ जिथे पडेल तिथेच चौकट ठेवायची. जरा बाजूला छान हिरवं दिसतंय म्हणून सरकवलीत की सगळा खेळ फुकट.

खरी मजा खुणा ओळखण्यात आहे. काठाला लागलेली गवताची वळकटी उचलून बघा. नुसती पानं असतील तर ती आपोआप गळलेली. पांढरा दोरा, त्याला मुळं, मुळांना चिखल असं असेल तर तळावरून काहीतरी ओढलं गेलंय. खाडीत ओढायच्या जाळ्याच्या खालच्या दोरीला शिसं असतं; ती रुंद, सपाट पट्टा सोडते आणि पट्ट्याच्या शेवटी गवताचा ढीग असतो. होडीच्या मशीनच्या पंख्याची खूण अरुंद चर, दोन्ही काठ कापल्यासारखे. तिसऱ्या (शिंपल्या) काढणाऱ्यांचे खड्डे ओंजळीएवढे, शेजारी मातीची उकर. पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, गोल पडतो, पण जोराने फरफटवला नाही तर फारसं उपटत नाही. कांडाळ, म्हणजे मासा कल्ल्यात अडकवणारं जाळं, उभं लावलेलं असेल तर गवताला त्याचा त्रास कमीच. तुटून तळाला बसलं तर मात्र वाईट, ते गवतावर पसरून राहतं आणि त्यात मासे, कुर्ल्या अडकत राहतात.

आणि एक खूण होती जी मला ओळखू येत नव्हती. वाटीसारखा खड्डा, एका बाजूला ओरखडा. दोन महिने मी ती जाळीवाल्यांच्या नावावर मांडत होतो. मग एका संध्याकाळी माझाच नांगर वर खेचला, तर फाळाला गवताची जुडी. वही उघडून पुन्हा मोजलं. जाळ्याचे पट्टे मोठे होते हे खरं, पण नांगराचे खड्डे संख्येने त्यांच्या जवळपास निघाले. त्या भागात नांगर टाकून बसणारे आम्ही गरीवालेच.

म्हणून जाळीवाल्याशी बोलायला जाल तेव्हा तक्रार घेऊन जाऊ नका, वही घेऊन जा. मी ओढजाळीवाल्या एका काकांना फोटो दाखवले. ते म्हणाले, "अरे, ह्या शेवाळ जाळ्यात इला की सोडवता सोडवता बोटा मोडतत. माका काय हौस आसा?" म्हणजे गवत त्यांनाही नकोच होतं! पट्टा नक्की कुठून कुठपर्यंत आहे एवढंच त्यांना माहीत नव्हतं, कारण ते भरलेल्या पाण्यात येतात. मी दोन टोकांना काठ्या रोवून दिल्या. ते आता रेतीच्या बाजूने ओढतात. सगळे ऐकतात असं नाही. एकाने काठी उपटून चुलीत घातली.

कायद्याने जाळी बंद करा म्हणणारे मित्र मला फ्लोरिडाचं उदाहरण देतात. तिथे १९९४ च्या मतदानानंतर जुलै १९९५ पासून किनाऱ्याजवळ गिलजाळी, म्हणजे आपली कांडाळं, बंद झाली. पण तिथल्या उथळ पाण्यातलं गवत हौशी बोटींच्या पंख्यांनी नंतरही कापलं जातच राहिलं, हे ते सांगत नाहीत. शिवाय आमची संध्याकाळची हौस, त्यांची चूल. मला तरी ती मागणी करायची लाज वाटते.

आपल्या बाजूचं थोडक्यात. नांगराऐवजी बांबू, तोही गवताबाहेर रेतीत रोवायचा. चालायचं तर पट्ट्याच्या कडेने. शिसं जितकं हलकं चालेल तितकं. गवताजवळ मी शिसं काढून बुचाचा तुकडा लावतो, आमिष गवताच्या वर तरंगतं आणि मासा तसाही कडेलाच घेतो. तीन तोंडांची गरी नको. बोटभर तांबोशी मासा आला तर हात ओले करून सोडा. तुटलेली नायलॉनची दोरी खिशात.

वही मात्र घरीच ठेवा. माझी पहिली खाडीत पडली, दोन वर्षांच्या नोंदींसकट. आता फोटो तेवढे तिथे काढतो आणि घरी आल्यावर, आंघोळीच्या आधी, आकडे उतरवतो.