पहिले पुस्तक लिहायला घेताना

पुस्तक लिहिण्याची इच्छा वर्षानुवर्षे मनात बाळगून असलेली आणि तरीही पहिले पान न लिहिलेली माणसे महाराष्ट्रात गावोगाव आहेत, आणि त्यांतील पुष्कळांजवळ खरोखरच सांगण्यासारखे काही आहे. ग्रामीण रुग्णालयात आयुष्य घालवलेली परिचारिका, एका सजातून, म्हणजे नेमून दिलेल्या गावांच्या गटातून, दुसऱ्या सजात बदलत गेलेला तलाठी, पिढीजात कुंभारकाम करणाऱ्या घरातील मुलगी, एसटीतून निवृत्त झालेला वाहक यांना जे ठाऊक असते ते ग्रंथालयात क्वचितच सापडते. हे लेखन प्रामुख्याने अशा माणसांसाठी आहे. कादंबरी लिहू पाहणाऱ्यालाही यातील काही गोष्टी उपयोगी पडतील. परंतु माझे मत असे आहे की, पहिल्या पुस्तकाची सामग्री लेखकाजवळ आधीपासून असावी, म्हणजे नव्या माणसाची सारी शक्ती ती मांडण्यावर खर्च होते.

‘मी काही लेखक नाही’ ही हरकत जवळजवळ प्रत्येक जण घेतो. मराठीचा इतिहास मात्र या हरकतीच्या विरुद्ध साक्ष देतो. वरसईचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुकी करणारे गृहस्थ १८५७ साली घरचे कर्ज फिटावे म्हणून दानदक्षिणेच्या आशेने उत्तर हिंदुस्थानात गेले, बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला, आणि जवळपास पाव शतक उलटल्यावर त्यांनी ती हकीकत लिहून काढली. ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून आले आणि आजही वाचले जाते. त्रिंबक नारायण आत्रे महसूल खात्यात नोकरीला होते. खेड्यांचा कारभार, वतने, बलुते यांच्याशी त्यांचा रोजचा संबंध होता, आणि त्या माहितीतून १९१५ साली ‘गावगाडा’ सिद्ध झाले. कमलाबाई ओगले गृहिणी होत्या. त्यांनी आपल्या ‘रुचिरा’त वाटी-चमच्याची प्रमाणे दिली, म्हणून तराजू नसलेल्या स्वयंपाकघरातही ते पुस्तक पोहोचले. या तिघांनाही आपला विषय स्वतःच्या अनुभवातून ठाऊक होता, आणि तो कसा सांगावा हे त्यांना त्या जाणकारीनेच सुचवले.

पहिले काम विषय लहान करण्याचे आहे. ‘माझ्या नोकरीच्या आठवणी’ हा विषय होऊ शकत नाही, कारण त्यात काय घ्यावे आणि काय गाळावे हे ठरवण्याचे साधनच हाती राहत नाही. त्याऐवजी वाहकाने ‘मुक्कामी गाड्या’ एवढाच विषय घेतला, तर त्यात रस्ते येतात, गावे येतात, चालक-वाहकांची सोबत येते, बाजारचा दिवस आणि परीक्षांचे दिवस येतात, आणि तरीही पुस्तकाचा आवाका हाताबाहेर जात नाही. परिचारिकेने केवळ बाळंतपणाच्या कक्षाविषयी लिहावे, तलाठ्याने केवळ पीकपाहणी आणि फेरफार यांविषयी लिहावे. विषय एका वाक्यात सांगता येईपर्यंत तो घासत राहावा. मग एक वही घेऊन त्या विषयाखाली जे जे आठवेल ते केवळ दोन-चार शब्दांच्या नोंदीने लिहीत जावे: एखाद्या माणसाचे नाव, एखादे भांडण, एखाद्या उपकरणाचा बिघाड, एखादी पद्धत जी आता बंद झाली. आठवडाभरात अशा चाळीस-पन्नास नोंदी जमल्या तर पुस्तक आहे असे खुशाल समजावे. दहा-बारांवरच गाडी अडली, तर तो विषय लेखाचा आहे. पुस्तकासाठी दुसरा शोधावा.

आता मुख्य गोष्ट. नवा लेखक बहुधा अडखळतो तो निष्कर्ष आधी लिहू लागल्यामुळे. निवृत्त वाहक असे लिहितो असे समजू: ‘त्या काळी मुक्कामी गाडीवरची नोकरी फार खडतर होती. सोयी नव्हत्या, तरी आम्ही निष्ठेने काम करत होतो.’ हे खोटे नाही. पण यातून वाचकाला काहीही दिसत नाही, आणि हेच वाक्य कोणत्याही खात्यातील कोणताही माणूस लिहू शकला असता. त्याच वाहकाने असे लिहून पाहावे: ‘शेवटच्या गावी गाडी पोहोचेपर्यंत नऊ वाजून जात. उतारू उतरले की गाडीतल्या दिव्याखाली बसून मी वेबिल पुरे करत असे. ट्रेमधला तिकिटांचा प्रत्येक गठ्ठा कोणत्या क्रमांकावर थांबला ते उतरवून घ्यायचे, रोकड मोजायची, आणि हिशेब जुळला की पैशांची पिशवी उशाशी घेऊन मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर अंथरूण टाकायचे. पावसाळ्यात ओटा ओला असला की आम्ही दोघे गाडीतल्याच बाकांवर आडवे होत असू.’ खडतर हा शब्द येथे कोठेही नाही, आणि तो असण्याची गरजही उरलेली नाही. वेबिल, ट्रे, गठ्ठा, ओटा हे शब्द त्याच्या कामाचे आहेत. ते गाळून त्यांच्या जागी पुस्तकी शब्द घालण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. संदर्भाने अर्थ कळत असेल तर स्पष्टीकरणसुद्धा देऊ नये.

नोंदींच्या यादीतून सुरुवात कोठून करावी, याचे उत्तर सोपे आहे. जी हकीकत तुम्ही घरी, लग्नकार्यात, चहाच्या टपरीवर अनेकदा सांगितलेली आहे आणि जी ऐकताना लोक मध्ये उठून जात नाहीत, ती प्रथम लिहावी. जन्म, कुलवृत्तांत आणि शिक्षण यांपासून आरंभ करू नये, कारण त्या पानांवर लेखकाचाच उत्साह संपतो. मनोगत आणि ऋणनिर्देश तर अगदी शेवटी लिहावेत. प्रकरणांचा क्रम आत्ता ठरवण्याचे कारण नाही. प्रत्येक तुकडा वेगळ्या कागदावर किंवा वेगळ्या फाइलमध्ये ठेवला की पुढे त्यांची हवी तशी मांडणी करता येते. ज्यांचा हात लिहिताना आखडतो त्यांनी मोबाइलवर बोलून ध्वनिमुद्रण करावे आणि ते ऐकत ऐकत लिहून काढावे. बोलून टंकलेखन करण्याची सोय मराठीतही आता बरी चालते, फक्त विरामचिन्हे आणि विशेषनामे नंतर हाताने तपासावी लागतात.

वेळेचा हिशेब एकदा मांडून पाहिला म्हणजे धास्ती कमी होते. डेमी आकाराच्या एका छापील पानावर साधारण अडीचशे शब्द बसतात. चाळीस हजार शब्दांचे हस्तलिखित म्हणजे सुमारे १६० पाने, छपाईच्या भाषेत सोळा पानी दहा फॉर्म, आणि पहिल्या पुस्तकासाठी एवढा मजकूर भरपूर झाला. रोज तीनशे शब्द आणि आठवड्यातून पाच दिवस या गतीने हा मजकूर सत्तावीस आठवड्यांत पुरा होतो. तीनशे शब्द म्हणजे फुलस्केपचे एक-सव्वा पान. त्यासाठी पहाटेचा किंवा जेवणानंतरचा पाऊण तास बांधून घ्यावा, घरच्यांना तसे सांगून ठेवावे, आणि सुगीच्या किंवा सणावारांच्या दिवसांत खाडा पडला तर तो दुसऱ्या दिवशी दुप्पट लिहून भरून काढण्याच्या फंदात पडू नये. दुप्पट लिहिण्याच्या ओझ्याने अनेकांचे लिखाण कायमचे थांबलेले मी पाहिले आहे.

शुद्धलेखनाची भीती विशेषतः शाळा लवकर सुटलेल्या माणसांना फार सतावते, आणि ती त्यांच्यावर लादली गेलेली आहे याचे मला मनापासून वाईट वाटते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम मोजून अठरा आहेत. चौदा १९६२ साली मान्य झाले आणि चार १९७२ साली त्यांत आले. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मुद्रितशोधक दुरुस्त करतो, कारण ते त्याचे कामच आहे. मात्र न लिहिलेले पान त्याला दुरुस्त करता येत नाही. बोलीविषयीही संकोच नसावा. घरी अहिराणी, मालवणी किंवा वऱ्हाडी बोलली जात असेल, तर माणसांची बोलणी तशीच ठेवावीत. निवेदन कोणत्या भाषेत ठेवायचे ते मात्र आरंभीच्या काही पानांत ठरवून पुढे तेच पाळावे.

आठवणीवर विसंबून लिहिणाऱ्याने पडताळणीसाठी आठवड्यातील एक दिवस राखून ठेवावा. जुन्या डायऱ्या, जमाखर्चाच्या वह्या, बदलीचे आदेश, छायाचित्रांच्या मागे लिहिलेल्या तारखा हे सारे उपयोगी पडते. बरोबर काम केलेल्या माणसांना भेटावे. एकच प्रसंग त्यांना वेगळा आठवत असेल तर तो फरकही लिहिण्याजोगा असतो. गावाची लोकसंख्या, धरणाचे वर्ष, रस्ता केव्हा झाला अशा गोष्टी जिल्ह्याच्या गॅझेटियरमधून आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरातून ताडून घ्याव्यात. हयात व्यक्तींच्या खासगी गोष्टी त्यांच्या संमतीशिवाय लिहू नयेत. रुग्ण, विद्यार्थी, पक्षकार यांच्याबाबत तर नाव, गाव आणि ओळख पटेल असा प्रत्येक तपशील बदलावा, कारण त्यांनी तुमच्यापाशी मन मोकळे केले ते तुमच्या हुद्द्यावर विश्वास ठेवून.

साधारण तिसऱ्या महिन्यात लिखाण रुतते. आवडीचे प्रसंग संपलेले असतात, मागचे वाचले की सगळे सामान्य वाटते, आणि नवीन विषय डोक्यात घोळू लागतो. या टप्प्यावर मागची पाने वाचणे पूर्ण बंद करावे. यादीतील सर्वांत कोरडी नोंद घ्यावी, उदाहरणार्थ एखादे काम पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत कसे चालत असे, आणि ती केवळ क्रमाने लिहावी. कामाची पद्धत लिहिता लिहिता माणसे आठवतात, आणि माणसे आठवली की लिखाण पुन्हा चालू लागते.

प्रकाशनाविषयी या टप्प्यावर थोडे ठाऊक असले तरी पुरे. एखाददुसरा तुकडा दिवाळी अंकाकडे पाठवायचा असेल तर पावसाळ्याच्या आरंभीच पाठवावा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, आणि तिच्यात कविता, कथा, कादंबरी यांच्याबरोबर ललित गद्यही येते. तिचे त्या वर्षीचे नियम मंडळाकडून समजून घ्यावेत. लिहिलेल्या मजकुरावरचा स्वामित्वहक्क लिहिल्या क्षणापासून तुमचा असतो, नोंदणी सक्तीची नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची ओळख पटवणारा क्रमांक, भारतात विनामूल्य मिळतो, म्हणून त्यासाठी कोणी पैसे मागितल्यास सावध व्हावे. कोणताही करारनामा घरी आणून वाचल्याशिवाय त्यावर सही करू नये.

पहिला खर्डा पुरा झाला की तो महिनाभर कपाटात ठेवावा, मग स्वतः मोठ्याने वाचून दुरुस्त करावा, आणि त्यानंतरच दोघांच्या हाती द्यावा: एक तुमच्याच कामातला जाणकार, दुसरा त्या कामाची काहीही माहिती नसलेला. ‘कसे वाटले?’ असे त्यांना विचारू नये, कारण भिडेखातर ‘छान’ असेच उत्तर येते. जाणकाराला चुकीचे वाटेल तेथे खूण करायला सांगावे, आणि दुसऱ्याला वाचता वाचता जेथे पुस्तक बाजूला ठेवावेसे वाटले त्या पानाचा कोपरा दुमडायला सांगावे. दुमडलेल्या पानांपासून पुनर्लेखनाला लागावे.