अक्षरांत दिसणारा डेस्कटॉप: मामाच्या दुकानातला मॉनिटर गेला तेव्हा

मामाचं स्टेशनरीचं दुकान आहे, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या जवळच. गुरुवार होता, म्हणजे लाइट जाणार हे ठरलेलंच, गेली, दुपारी आली आणि आली ती असा झटका देऊन की मॉनिटरचा अडॅप्टरच उडाला. कॉम्प्युटर मात्र चालू. मी हिंजवडीहून परत येत बसमध्ये, तर मामाचा फोन, "अरे ते डबडं घुं घुं करतंय पण टीव्ही काळा आहे, बिल निघत नाहीये आणि जून आहे बाबा, पोरं वह्यांच्या याद्या घेऊन उभी आहेत." मामा मॉनिटरला टीव्ही म्हणतो, मी सुधारायचा नाद सोडलाय.

बिलाचा प्रोग्राम माझाच, पायथॉन आणि टीकेइंटरमधला (टीकेइंटर म्हणजे पायथॉनमध्ये खिडक्या, बटणं करायची लायब्ररी). मशीन अचानक बंद पडून परत सुरू झालं की तो एक खिडकी उघडून विचारतो, मागचं बिल अर्धवट आहे, चालू ठेवू की टाकून देऊ, आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नाही. "एंटर मारलंस का?" "दहा वेळा मारलं रे." माझ्याकडे मोबाइलवर टर्मक्स होतं, म्हणजे कमांड टाइप करायचं टर्मिनल, दुकानाच्या मशीनवर एसएसएच, म्हणजे लांबून कमांड द्यायची सोय, आधीपासून चालू होतं, लांबून स्क्रीन दाखवणारं व्हीएनसी टाकलेलं नव्हतं, आणि चांदणी चौकात नेटची एक काडी. मग स्क्रीन अक्षरांत बघितली आणि काम केलं. ते कसं करायचं ते सांगतो, पण आधी घरी सराव करा, अडचणीच्या वेळी शिकायची ही गोष्ट नाही.

कमांड मी फोनवर सांगितल्यासारख्या लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग.

आधी एक घोळ मिटवू. ट्विन किंवा व्हीटीएम नावाचे जे टेक्स्ट डेस्कटॉप आहेत ते मुळातच अक्षरांचे, त्यांत खिडक्या, माउस सगळं आहे पण फायरफॉक्स किंवा माझा टीकेइंटरचा प्रोग्राम त्यात चालणार नाही. आपल्याला हवंय ते उलटं, खरा ग्राफिकल डेस्कटॉप चालू द्यायचा आणि त्याचं चित्र घेऊन अक्षरांनी रंगवायचं. टेक्स्टटॉप नावाचा प्रोजेक्ट हेच करायचा, पूर्ण डेस्कटॉप एसएसएचवरून, त्यातूनच पुढे ब्राउश निघाला जो फक्त ब्राउझर दाखवतो, आतमध्ये फायरफॉक्सच असतो. तयार काहीतरी घेऊन मोकळं होता येईल, पण मला चार लहान टूल जोडलेली बरी वाटतात, कारण बिघडलं तर कुठे बिघडलं ते कळतं.

रंगवतात कसं तर यूनिकोडमध्ये एक अर्धा ठोकळा आहे, अक्षराच्या जागेचा फक्त वरचा अर्धा भाग भरलेला. त्याला पुढचा रंग एक द्यायचा आणि मागचा रंग दुसरा, की एका अक्षराच्या जागेत वर एक आणि खाली एक असे दोन पिक्सेल मिळाले. टर्मिनलचं अक्षर साधारण रुंदीच्या दुप्पट उंच असतं म्हणून हे दोन पिक्सेल बरोबर चौकोनी पडतात. १९७८च्या व्हीटी१०० टर्मिनलपासून चालत आलेला ८० कॉलम २४ ओळींचा साइझ धरला तर आपला सगळा स्क्रीन झाला ८० बाय ४८ पिक्सेल. बस एवढंच. मोबाइलमधला आयकॉनसुद्धा याच्यापेक्षा मोठा असतो.

त्यामुळे सगळ्यात पहिली चूक जी सगळे करतात, मीही केली, ती म्हणजे १९२० बाय १०८०चा डेस्कटॉप त्यात कोंबायचा आणि मग चिखल दिसला की टूलला शिव्या घालायच्या. डेस्कटॉप लहान करा. सरावाला ३२० बाय २४०.

डेबियन किंवा उबंटू लिनक्स असेल तर ॲप्टने एक्सव्हीएफबी, ओपनबॉक्स, एक्सडूटूल, चाफा, एक्सटर्म आणि एक्स११-ॲप्स एवढी पॅकेज टाका. एक्स सर्व्हर म्हणजे लिनक्सवर स्क्रीन रंगवणारा प्रोग्राम, आणि एक्सव्हीएफबी म्हणजे मॉनिटर नसलेला एक्स सर्व्हर, चित्र फक्त मेमरीत काढतो. ओपनबॉक्स खिडक्या सांभाळतो, एक्सडूटूल माउस-कीबोर्डची नक्कल करतो, चाफा चित्र अक्षरांनी रंगवतो. तो सुरू करताना पुढे कोलन सात लिहायचं, हा डिस्प्लेचा नंबर, मग डॅश स्क्रीन, शून्य, आणि ३२० २४० २४ हे तीन आकडे मध्ये इंग्रजी एक्स घालून सलग, शेवटी अँपरसँड म्हणजे तो मागे चालत राहील. मग डिस्प्ले हा व्हेरिएबल कॅपिटलमध्ये, बरोबर कोलन सात, असा एक्सपोर्ट करा, ओपनबॉक्स अँपरसँड लावून सोडा आणि त्याच्या मागोमाग एक्सआइज.

एक्सआइज मुद्दाम सांगतोय. हा तो जुना प्रोग्राम, दोन डोळे, माउस जिकडे तिकडे बुबुळं. पुढे आपण एक्सडब्ल्यूडीने स्क्रीनचं चित्र घेणार आहोत आणि त्यात माउसचा बाण येतच नाही, पण बाण कुठे आहे ते डोळे बरोबर सांगतात.

आता बघायचं. एक्सडब्ल्यूडीला डॅश रूट आणि डॅश सायलेंट लावा, सायलेंट नाही लावलं तर प्रत्येक चित्राला बीप वाजवतो, आणि त्याचं आउटपुट पाइपने चाफाला द्या. चाफाला डॅश एस पुढे ८०एक्स२४, डॅश एफ पुढे सिम्बॉल्स म्हणजे तो अक्षरंच वापरेल, आणि सगळ्यात शेवटी नुसता एक डॅश. एंटर. काळ्या पाटीवर दोन पांढरे लंबगोल, कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या, आत काळा ठिपका. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी घरी सगळ्यांना बोलावून दाखवलं, आईने "बरं" म्हटलं.

इथे एक गंमत लक्षात येईल. ८० कॉलम मागितले पण चित्र ६४च कॉलम घेतंय. बरोबरच आहे, २४ ओळी म्हणजे उंची ४८ धरा, आपला स्क्रीन ४ः३, म्हणून रुंदी ६४, चाफा चित्र ताणत नाही. आणि हे आपल्या सोयीचंच पडतं कारण ३२० भागिले ६४ पाच, २४० भागिले २४ दहा, म्हणजे एक अक्षर म्हणजे पाच पिक्सेल रुंद आणि दहा पिक्सेल उंच. क्लिक करायची जागा डावीकडून विसाव्या कॉलमला आणि वरून सहाव्या ओळीत दिसत असेल तर एक्स साधारण १०० आणि वाय ६० च्या आसपास, नेमकं मध्यावर हवं असेल तर अर्धं अक्षर मागे, ९७ आणि ५५. एक्सडूटूल माउसमूव्ह ९७ ५५, परत चित्र घ्या, बुबुळं तिकडे वळली की हिशोब बरोबर. मग एक्सडूटूल क्लिक १, म्हणजे माउसचं डावं बटण.

माझा सल्ला विचाराल तर माउस शक्यतो विसराच. एक्सडूटूल की आणि पुढे टॅब, स्पेस, रिटर्न, ऑल्ट+टॅब यांनी नव्वद टक्के कामं होतात आणि पिक्सेल मोजत बसावं लागत नाही. लिहायचं असेल तर एक्सडूटूल टाइप.

सारखं चित्र हलतं राहावं म्हणून लोक व्हाइल लूप लावतात. लावा, पण प्रत्येक वेळी स्क्रीन क्लिअर करू नका, डोळे दुखतील इतकं लुकलुकतं, त्याऐवजी टीपुट होमने कर्सर नुसता वरच्या कोपऱ्यात न्या आणि जुन्यावरच नवं रंगवा. मी मात्र लूप लावत नाही. बॅशमध्ये, म्हणजे कमांड जिथे टाइप करतो तिथे, टी नावाचं एक अक्षरी फंक्शन केलंय, त्याला जे दिलं ते एक्सडूटूलला देतं, ०.३ सेकंद थांबतं आणि एक चित्र काढतं. टी की टॅब म्हटलं की टॅब दाबला गेला आणि निकाल समोर. बसमध्ये हेच चालतं.

नेटचा हिशोब सांगतो कारण अक्षरं म्हणजे हलकं असा सगळ्यांचा समज असतो आणि तो चूक आहे. फुल कलरमध्ये एका जागेचे दोन रंग सांगायला जास्तीत जास्त ३६ बाइट लागतात, वर तो ठोकळा स्वतः तीन बाइटचा, झाले ३९. ६४ गुणिले २४ म्हणजे १५३६ जागा, म्हणजे एक चित्र वाईटात वाईट ६० केबीच्या आसपास, सेकंदाला दहा चित्रं काढलीत तर ६०० केबी. शेजारच्या जागेचा रंग तोच असेल तर चाफा परत पाठवत नाही म्हणून प्रत्यक्षात कमी जातं, तरी पण. साध्या खिडक्यांची तेवढीच पीएनजी याच्यापेक्षा लहान निघू शकते! तेव्हा नेट रडत असेल तर चाफाला डॅश सी १६ द्या, रंग सोळावर येतात, नाहीतर डॅश सी नन, रंगच नाहीत. एसएसएचला कॅपिटल सी लावून कॉम्प्रेशन चालू करा तेही उपयोगी.

अक्षरं वाचता येतील का? नाही. म्हणजे इंग्रजी कॅपिटल लेटर चार ओळी उंच असेल तर ओळखू येतं, मराठीचं त्याहून अवघड, शिरोरेषा सगळ्यांना एकत्र बांधते आणि खाली जे लोंबतं ते दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं दिसतं, सदरा कुठला आणि टॉवेल कुठला कळत नाही. मात्रा तर गायबच. म्हणून या प्रकाराकडून वाचायची अपेक्षा ठेवू नका, कुठे काय आहे आणि आत्ता काय उघडलंय एवढं बघायचं. वाचायचंच असेल तर जवळ जायचं, आणि दुकानात मी तेच केलं.

दुकानाच्या मशीनवर खरा डेस्कटॉप डिस्प्ले शून्यावर होता, १३६६ बाय ७६८. एसएसएचमधून त्याला हात लावायला डिस्प्ले कोलन शून्य, आणि एक्सऑथॉरिटी या व्हेरिएबलमध्ये त्या युजरच्या होममधली डॉट एक्सऑथॉरिटी फाइल, एवढं लागतं, आणि लॉगिनही त्याच युजरने. हे एक्सऑर्गलाच, म्हणजे नेहमीच्या एक्स सर्व्हरलाच चालतं, त्याच्या जागी आलेलं नवं वेलँड असेल तर स्क्रीन काळी येते किंवा एररच, मामाकडे एक्सऑर्गवर चालणारा एक्सएफसीई डेस्कटॉप आहे म्हणून वाचलो. पूर्ण चित्र घेतलं तर एक अक्षर म्हणजे सतरा बाय चौतीस पिक्सेल, मधोमध एक करडा चौकोन, खिडकी आलीये एवढं कळलं, बटणं म्हणजे दोन डाग.

मग एक्सडूटूल गेटॲक्टिव्हविंडो. हा समोरच्या खिडकीचा नंबर देतो, तो एक्सडब्ल्यूडीला डॅश रूटच्या जागी डॅश आयडी म्हणून द्यायचा. आता अख्खे ८० कॉलम फक्त त्या खिडकीला मिळाले, ३६० पिक्सेलची खिडकी म्हणजे अक्षराला साडेचारच पिक्सेल. मजकूर तरी कपड्यांची दोरीच, पण मीच लिहिलेला होता, डावीकडे चालू ठेवा आणि उजवीकडे टाकून द्या हे पाठ होतं. टॅब पाठवला, चित्र घेतलं, डाव्या बटणाची कड जरा गडद. अजून एक टॅब, उजव्याची गडद. परत मागे शिफ्ट+टॅब. आणि मग डोक्यात प्रकाश पडला की मामाचं एंटर का चालत नव्हतं, टीकेइंटरचं साधं बटण कीबोर्डवरून स्पेसने दाबतात, एंटरने नाही, आणि एंटर जोडायचं मी विसरलो होतो. टी की स्पेस. फोनमधून प्रिंटरचा करकर आवाज ऐकू आला आणि मामा म्हणाला, "आला रे टीव्ही?" "टीव्ही नाही आला मामा, बिल आलं. अडॅप्टर आण."

सतत हलतं चित्र हवंच असेल तर एफएफएमपेग या व्हिडिओच्या टूललाही अक्षरांत दाखवता येतं, इनपुटला एक्स११ग्रॅब आणि आउटपुटला काका. काका म्हणजे लिबकाका, रंगीत अक्षरचित्रांची लायब्ररी, आपल्या काकांचा संबंध नाही. एक्स११ग्रॅबचे दोन फायदे, माउसचा बाण दिसतो आणि डिस्प्लेच्या नंबरापुढे अधिक चिन्ह व कॉर्नरचे आकडे दिले की स्क्रीनचा तेवढाच तुकडा घेता येतो. पण मी पहिल्यांदा चालवलं तेव्हा टर्मिनलमध्ये काहीच आलं नाही. अर्ध्या तासाने चाफाने बघितलं तर डिस्प्ले सातवर एक खिडकी, त्या खिडकीत तोच डेस्कटॉप, त्यात परत तीच खिडकी, न्हाव्याच्या दुकानातल्या समोरासमोरच्या आरशांसारखं. झालं असं की डिस्प्ले व्हेरिएबल भरलेलं दिसलं की काका टर्मिनल सोडून तिकडेच स्वतःची खिडकी उघडतो. काका ड्रायव्हर हे व्हेरिएबल, कॅपिटलमध्ये आणि मध्ये अंडरस्कोर, एनकर्सेस करून ठेवा म्हणजे तो जागेवर बसतो.

टीमक्समध्ये, म्हणजे एका टर्मिनलचे भाग पाडणाऱ्या प्रोग्राममध्ये, दोन भाग करून एकात चित्र आणि एकात कमांड असं छान जमतं, फक्त रंग विचित्र दिसले तर टीमक्सच्या सेटिंगमध्ये टर्मिनल-ओव्हरराइड्सला टीसी लावा, नाहीतर तो पूर्ण रंग पुढे जाऊच देत नाही.

मध्येच कंट्रोल सी मारून कर्सर गायब झाला किंवा टर्मिनल रंगीबेरंगी राहिलं तर न बघता रीसेट टाइप करून एंटर. आणि सराव संपला की एक्सव्हीएफबी पीकिलने बंद करा. तो नीट बंद झाला नाही तर टेम्प फोल्डरमध्ये डॉट एक्स सात डॅश लॉक नावाची फाइल कधीकधी मागे राहते आणि पुढच्या वेळी सात नंबर आधीच चालू आहे म्हणून तक्रार येते, खरंच काही चालू नाही ना ते पीएसने बघा, मग ती फाइल उडवा, किंवा कंटाळा आला असेल तर सरळ आठ नंबर घ्या.