गूगल डॉक्समधलं लिखाण लिबरऑफिसमध्ये कसं आणावं

नेट गेलं किंवा जीमेल, फोटो, ड्राइव्ह मिळून असलेली 15 जीबीची फुकट जागा भरली, की आपल्या फायली आपल्याच कॉम्प्युटरवर असाव्यात असं वाटू लागतं. लिबरऑफिस हे वर्ड-एक्सेलसारखं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि नेटशिवाय चालतं.

आधी काय हलवायचं ते ठरवा. सोसायटीच्या हिशोबाची शीट चारजण भरत असतील तर ती ऑनलाइनच राहू द्या. नाहीतर तिच्या चार प्रती होतील आणि खरी कुठली यावर मीटिंग भरेल. एकट्याने लिहायचं ते खुशाल हलवा.

आता डाउनलोड. कॉम्प्युटरवर ड्राइव्हचा फोल्डर दिसतो, म्हणून त्यातल्या फायली सरळ पेनड्राइव्हवर घेऊ नका. ज्यांच्या नावामागे ‘.जीडॉक’ असतं त्यांच्यात मजकूर नसतोच, वेबवरच्या मजकुराचा नुसता पत्ता असतो. ब्राउझरमध्ये ड्राइव्ह उघडा, फोल्डरवर राइट-क्लिक करा, ‘डाउनलोड’ म्हणा. झिप येईल, तिच्यात वर्ड-एक्सेलच्या फायली असतील. त्या लिबरऑफिसमध्ये उघडतात. जुन्या आवृत्त्यांचा इतिहास मात्र सोबत येत नाही, तेव्हा मूळ फायली लगेच उडवू नका.

मराठीवाल्यांचं खरं काम इथून पुढे. डॉक्समध्ये ‘मुक्ता’ किंवा ‘बालू’ वापरला असेल, तर तो फॉन्ट वेबवरून येत होता, तुमच्या कॉम्प्युटरवर नाही. गूगल फॉन्ट्सवरून उतरवून इन्स्टॉल करा, नाहीतर दुसराच फॉन्ट लागतो आणि पानांची मांडणी हलते. मग लिबरऑफिसच्या टूल्स, ऑप्शन्समध्ये भाषेच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ (देवनागरीसारख्या लिप्यांसाठीची सोय) सुरू आहे ना ते बघा आणि तिथेच मराठी निवडा. लिबरऑफिस रोमन आणि देवनागरीचा फॉन्ट, आकार वेगवेगळा धरतं. फॉरमॅट, कॅरेक्टरमध्ये 14 आकडा टाकूनही मराठी अक्षरं ढिम्म हलत नसतील, तर तुम्ही ‘वेस्टर्न’च्या कप्प्यात आहात. देवनागरीचा कप्पा ‘सीटीएल’ किंवा ‘कॉम्प्लेक्स’.

शीट्समध्ये एक छुपा धोका आहे. क्वेरी, इम्पोर्टरेंज ही नोंदी निवडून किंवा दुसऱ्या शीटमधून आणणारी सूत्रं गूगलची स्वतःची. डाउनलोड केलेल्या फायलीत त्या जागी बहुधा शेवटचा आकडा तेवढा दिसत राहतो. एरर येत नाही, म्हणून कुणाला शंकाही येत नाही, पण मूळ नोंदी बदलल्या तरी तो आकडा तसाच. अशी सूत्रं शोधून नव्याने लिहा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

शेवटी सेव्ह करण्याचं. इथे दर अक्षरागणिक सेव्ह होत नाही, बोटांना कंट्रोल-एसची सवय लावा. टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथे ऑटोरिकव्हरीची (अचानक बंद पडलं तर लिखाण परत मिळावं म्हणून आपोआप होणाऱ्या नोंदीची) वेळ 10 मिनिटांवरून 3 वर आणा आणि बॅकअप कॉपीच्या चौकटीत टिक आहे ना ते बघा. जुन्या आवृत्त्यांमध्ये ती आपोआप केलेली नसायची.