काजव्यांचं झाड कॉयरसाठी कसं लिहायचं

निसर्ग बघून भारावलो आणि आता त्यावर कॉयरसाठी, म्हणजे समूहाने गाणाऱ्यांसाठी, काहीतरी लिहायचंय असं म्हणणारे बहुतेक जण सगळंच घ्यायला जातात, म्हणजे डोंगर पण, धबधबा पण, पक्षी पण, वर चांदणं, आणि कॉयरचे चारही आवाज (वरून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस) पहिल्या पानापासून जोरात. ऐकायला बरं वाटतं पण थक्क कोणी होत नाही. माझं म्हणणं असं की वर्णन करूच नका, तिथे जे घडतं ते कसं घडतं तेवढंच उचला आणि गाणाऱ्यांकडून तेच घडवून घ्या.

उदाहरणाला काजवे घेऊ. मे संपता संपता, पाऊस लागायच्या आधी, भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या पट्ट्यात हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर काजवे येतात. आधी एखादाच लुकलुकतो, मग चार, मग मोजता येत नाहीत, प्रत्येकाचं आपलं आपलं चाललेलं, आणि मधेच कधीतरी अख्खं झाड एका लयीत पेटायला-विझायला लागतं. कोणी हात हलवून ताल देत नसतं. नर मादीसाठी चमकतात, आणि काही जातींत तर शेजाऱ्याची चमक बघून आपली वेळ जराशी पुढेमागे करतात, बस, नियम एवढाच. तुमच्या पीसचा (रचनेचा) फॉर्म, म्हणजे आराखडा, इथेच तयार झाला की, आधी विस्कळीत, मग जुळत जुळत एकत्र, मग विझणं. चारेक मिनिटं पुरे, ताणू नका.

शब्दांचं पटकन सांगतो. कुणाची कविता घेणार असाल तर आपल्याकडे कवी गेल्यानंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो हे लक्षात ठेवा. बालकवी १९१८ ला गेले, तुकोबांचा तर प्रश्नच नाही, पण कुसुमाग्रज १९९९ ला गेले म्हणजे तिथे परवानगी लागणारच. या पीसला मात्र कवितेची गरजच नाही, दोन शब्द बास, ‘लुक’ आणि ‘झाड’. ‘लुक’ मधला उ ऱ्हस्व आणि शेवटी क्, म्हणजे सूर लागला की लगेच बंद, आपोआप ठिपका पडतो. फक्त आपल्याला गाताना शेवटच्या अक्षराला अ लावायची सवय असते ना, ती इथे मोडावी लागते, ‘लुका लुका’ झालं की मजा गेली. आणि ‘झाड’ मधला आ कितीही लांबवता येतो, तो एकत्र आल्यावरच्या जागेसाठी राखून ठेवा.

आता सूर, आणि इथे थोडा वेळ द्या. वीसेक माणसं आपापल्या वेळेला वाटेल तो सूर लावणार म्हणजे कोणता सूर कोणावर आदळेल सांगता येत नाही, म्हणून भूप रागाचे पाच स्वर घ्या, सा रे ग प ध. यात एकही अर्ध्या अंतराची, म्हणजे अगदी लगतच्या दोन स्वरांची जोडी नाही त्यामुळे कसेही एकत्र पडले तरी कानाला टोचत नाहीत. सा हार्मोनियमच्या पांढरी दोनचा, म्हणजे डी. बेसने पूर्ण वेळ फक्त सा आणि खालचा प धरायचा, ओठ मिटून, आणि श्वास आळीपाळीने, शेजारी घेतोय तेव्हा आपण घ्यायचा नाही, मग तो सूर मिनिटभर तुटत नाही. सोप्रानोला तार गंधाराच्या (वरच्या सप्तकातल्या ग च्या) वर नेऊ नका, हौशी कॉयरमध्ये त्याच्या वर गेलं की सूर लागण्याऐवजी ओढला जातो.

बेस सोडून बाकी प्रत्येकाला एक चौकट लिहून द्या, त्यात एकच सूर आणि ‘लुक’, खाली सूचना की मनगटावर बोट ठेवा, आपल्या नाडीचे आठ ठोके मोजा, एकदा गा, परत आठ मोजा. प्रत्येकाची नाडी वेगळी, त्यामुळे टेम्पो आपोआप वेगळे. ठोके मिनिटाला ७० धरले तर एका माणसाची पाळी साधारण सात सेकंदांनी येते, २४ जण असतील तर सेकंदाला तीन-चार ठिपके पडतात, दाट पण गोंगाट नाही. सुरुवातीला मात्र एकेक माणूस आत सोडा, पहिल्या वीस सेकंदांत एकच आवाज असला तरी घाबरू नका.

जुळायला लागण्यासाठी वेगळी सूचना. नाडी सोडा, दोन्ही बाजूंचे शेजारी ऐका, ते तुमच्या आधी येतायत असं वाटलं तर पुढच्या वेळी जरा लवकर या, मागे पडत असतील तर जरा थांबा. सगळे एका ठोक्यावर आले की तिथे ‘झाड’. आणि त्याच क्षणी टेनरला पंचम (प) आणि आल्टोला तीव्र मध्यम द्या, म्हणजे प च्या अगदी खालचा चढा म. इतका वेळ जो स्वर कुठेच नव्हता तो येतो, आणि टेनरच्या पंचमाला असा घासतो की अंगावर काटा येतो. दोन श्वास धरा, मग आल्टो पंचमावर जाऊ दे. ही जागा हळू आवाजातच लिहा, ओरडून नाही.

मोठ्या आवाजाने थक्क करता येत नाही असं नाही हं. संगीतकार हायडनची कॉयर आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना ‘द क्रिएशन’ घ्या, १७९८ मध्ये व्हिएन्नात पहिल्यांदा झाली, त्यात प्रकाश निर्माण होतो तिथे कॉयर आधी अगदी दबक्या आवाजात गातो आणि ‘प्रकाश’ या शब्दावर एकदम सी मेजर (उजळ वाटणारा स्वरमेळ), सगळा ऑर्केस्ट्रा फुल. आजही काम करतं ते. पण त्याच्या आधी कितीतरी वेळ अंधारातला, उदास वाटणारा सी मायनर ऐकवलाय, तेव्हा कुठे तो दणका लागू पडतो.

लिहायला म्युझस्कोर हे स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, चौकटी त्यात टेक्स्ट म्हणून टाकता येतात. स्टाफ (पाच रेघांचं पाश्चात्य स्वरलेखन) न वाचणारा ग्रुप असेल तर सरगम देवनागरीत लिहा, खालीवर बिंदू देऊन सप्तक दाखवा, काही बिघडत नाही.

तालमीत सगळ्यात अवघड काय जातं माहितीये? एकत्र येणं नाही, वेगळं राहणं. कॉयरवाल्यांना वर्षानुवर्षं शेजाऱ्याबरोबर जायला शिकवलेलं असतं, ते तिसऱ्या ‘लुक’ला एका तालात येऊन मोकळे होतात. त्यामुळे उभं करताना आवाजाप्रमाणे ओळी करू नका, सोप्रानोशेजारी टेनर, टेनरशेजारी आल्टो अशी सरमिसळ करा, मध्ये हातभर अंतर ठेवा, आणि पहिल्या काही तालमी नाडीवरच्या भागाच्याच घ्या. जुळायला किती वेळ लागेल ते दरवेळी वेगळं असतं, कधी अर्धं मिनिट कधी दीड, ते स्कोअरमध्ये सेकंदांत बांधू नका, ‘जुळेपर्यंत’ असं लिहा. आणि कंडक्टरला सांगा की या भागात हात खाली, त्याला राहवणार नाहीच, मग सरळ बेसच्या ओळीत उभा करा, सा धरायला एक माणूस वाढला.