जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे मीटर बदलताना

जुन्या एमजी किंवा ट्रायम्फमध्ये पेट्रोल आणि तापमान, दोन्ही काटे विजेवर चालत असतील आणि एकदमच चुकू लागले, तर मीटर मागवायची घाई नको. दोघांना मिळून एकच व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो, तो सरासरी १० व्होल्ट पुरवतो. त्याच्या डबीचं अर्थिंग गंजलं की काटे हमखास वर चढतात. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत, त्यातही पावसाळ्यानंतर, हे व्हायचंच. आधी ते टोक पॉलिश पेपरने लख्ख घासून पाहा. बऱ्याचदा खर्च तिथेच वाचतो.

तरीही मीटर बदलायचाच असेल, तर बॅटरीची वायर काढा आणि प्रत्येक जोडाचा मोबाईलवर फोटो घ्या. पुष्कळ जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा मायनस नव्हे, प्लस बॉडीला जोडलेला असतो (एमजीच्या एमजीबी मॉडेलमध्ये १९६७ पर्यंत), तेव्हा म्हापशाचा इलेक्ट्रिशियन कितीही हुशार असो, त्याला हे आधीच सांगा. इलेक्ट्रॉनिक आरपीएम मीटर उलटा जोडला तर जळतो.

स्पीडोमीटर घेताना डायलवरचा बारीक आकडा, उदाहरणार्थ १२८०, जुळवा. एका मैलात केबल किती फेरे घेते ते तो सांगतो. किलोमीटरच्या डायलवर हिशेब किलोमीटरमागे असतो, म्हणून मैलाच्या आकड्याला १.६०९ ने भागा.

तापमानाच्या मीटरला बारीक तांब्याची नळी असेल, तर ती कापू नका, मुरडूही नका. आतला द्रव गेला की मीटर भंगार. अशी नळी सेन्सरच्या टोकासकट, सावकाश, अख्खीच काढायची.